राजा मरेपर्यंत देव पाण्यात

आमच्या घराण्यात आजवर एकच खून झाला, आणि तो माझ्या सासूबाईंनी देव पाण्यात घालून केला.

मयत राजा होता. वय वर्षं सतरा, मिशी अजून फुटायची होती, राहायला टीव्हीत. दर रविवारी सकाळी अकरा वाजता एक परदेशी मालिका हिंदीत लागायची. सात किल्ले, चार घराणी, एक उडता सरडा आणि न संपणारी भांडणं! ती आमच्या घरात आणली माझ्या मुलीनं, मुक्तानं. मुक्ता तेव्हा अकरावीला होती, म्हणजे तिला जगातलं सगळं कळत होतं. "आजी, एकदा बघ तर!" म्हणून तिनं आजीला शेजारी बसवलं, आणि तिसऱ्या रविवारी आजीच तिला म्हणायला लागली, "सरक गं, मला दिसत नाही!"

त्या राजाचं नाव ओरेन की झोरेन असं काहीतरी होतं. आमच्या घरात त्याला 'कार्टं' म्हणत. कार्ट्यानं बापाला विष घातलं तेव्हा आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) नुसत्या "अगंबाई!" म्हणाल्या. सख्ख्या बहिणीला त्यानं शत्रूकडे ओलीस धाडलं तेव्हा "शोभत नाही हो," एवढंच म्हणाल्या. पण एका रविवारी त्यानं राजधानीतल्या सगळ्या विहिरींना कुलपं ठोकली आणि स्वतः संगमरवरी हौदात उतरला. तेही दिवसातून दुसऱ्यांदा!

"परत अंघोळ?" आई ताडकन उठून बसल्या. "सकाळीच केली ना मेल्यानं!"

त्यांचा संताप समजायचा तर तो उन्हाळा आठवायला हवा. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. जायकवाडीचं पाणी इतकं खाली गेलं होतं की आईंच्या माहेरचे लोक, पैठणहून, "धरणात फिरून आलो," असं सांगायचे, आणि ते चपला घालून फिरून आलेले असायचे! आमची वसाहत बीड बायपासच्या पलीकडची, नवी. शहर असं झपाट्यानं वाढत होतं की रस्त्याच्या आधी इमारती उभ्या राहायच्या आणि इमारतींच्या आधी त्यांच्या जाहिराती. पाइपलाइन तेवढी मागं राहिली होती. दर सोमवारी टँकर यायचा आणि त्या पाण्यावर आठवडा काढायचा. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजीचं भांड्यांना, कपड्यांचं फरशीला आणि फरशीचं संडासात. आमचे हे अर्ध्या बादलीत अंघोळ करून बाहेर यायचे आणि तळाशी उरलेलं तांब्याभर पाणी मला हसतमुखानं दाखवायचे, शाबासकीसाठी!

अशा घरात कार्टं दिवसातून दोनदा डुंबत होतं. सगळ्यांच्या देखत!

त्याच्या पुढच्या रविवारी तर कहर झाला. ज्या म्हाताऱ्या दाईनं त्याला अंगाखांद्यावर खेळवलं, ती त्याच्या दाराशी तांब्याभर पाणी मागायला आली. त्यानं सोन्याचा घडा मागवला, तिच्या ओंजळीपर्यंत नेला, आणि हसत हसत सगळं पाणी वाळूत ओतून दिलं.

आई उठल्या. पदर खोचला. सरळ देवघराकडे गेल्या, तांब्याचं मोठं घंगाळं काढलं, ड्रमचं झाकण उघडलं आणि तांब्यामागून तांब्या पाणी काढायला लागल्या.

"आई, काय करताय?" माझा जीव त्या प्रत्येक तांब्याबरोबर खाली-वर होत होता.

"देव पाण्यात घालतेय. त्या मेल्याचा निकाल लागेपर्यंत एकही बाहेर येणार नाही!"

ह्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. (हे वाळूजला एका कारखान्यात क्वालिटीला होते. प्रत्येक गोष्टीतली चूक काढायचा ह्यांना पगार मिळायचा आणि ती सवय घरी फुकटात चालायची.) "आई, ती मालिका आहे. दोन वर्षांपूर्वी तयार झालीय ती. जे व्हायचं ते होऊन गेलंय."

"देवाला काय रे दोन वर्षांचं?" आई म्हणाल्या, आणि गणपतीला पाण्यात सोडलं.

त्याच्यामागून महादेव, देवी आणि अन्नपूर्णा गेल्या. शेवटी बाळकृष्ण. अंगठ्याएवढा, रांगता, एक हात वर आणि हातात लोण्याचा गोळा. पन्नास वर्षं चिंचेनं घासून त्याचं नाक पार गुळगुळीत झालं होतं. आईंच्या लग्नात त्यांच्या आईनं तो त्यांच्या मुठीत दिला होता. बाकीचे देव सासरचे, हा एकटा त्यांचा. त्याला पाण्यात ठेवताना त्यांनी हळूच सांगितलेलं मी ऐकलं, "थोडं सोस रे बाळा. चांगल्या कामासाठी आहे."

इथपर्यंत ठीक होतं. घंगाळंभर पाणी गेलं, गेलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी देव तबकात काढले आणि मला हाक मारली, "हे पाणी तुळशीला घाल आणि ताजं भरून आण."

"रोज?"

"मग? शिळ्या पाण्यात देव बसवू?"

रोज घंगाळंभर! आणि ते पाणी तीर्थ, म्हणजे भांड्यांना चालणार नाही, फरशीला तर नाहीच नाही. आमची तुळस कुंडीत होती. तिसऱ्या दिवशी तिची पानं पिवळी पडायला लागली. सगळ्या मराठवाड्यात जास्त पाणी झाल्यामुळं मरायला टेकलेलं ते एकमेव झाड असावं!

चौथ्या दिवशी मी पाप केलं. आमचा कूलर मागच्या अंगणात, दिवाणखान्याच्या खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसवलेला होता. त्या उन्हाळ्यात तो माणसांपेक्षा जास्त पाणी प्यायचा. मी इकडंतिकडं पाहिलं आणि तीर्थाचं घंगाळं त्याच्या टाकीत रिकामं केलं. पायदळी तर येत नव्हतं ना? उलट सगळ्यांच्या अंगावर तीर्थाचाच वारा! रोज हेच सुरू झालं. आई दुपारी कूलरसमोर आडव्या व्हायच्या आणि म्हणायच्या, "देव पाण्यात घातल्यापासून घरात कसं गार गार वाटतं बघ!"

मी मनातल्या मनात कान धरायचे.

पण ड्रम काही नवसाला बांधलेले नव्हते. शुक्रवारीच तळ दिसायला लागला. मी मुक्ताला कोपऱ्यात घेतलं. "खरं सांग, हे कार्टं मरतं कधी?"

"आई! तू मला शेवट विचारतेस? तू? पुस्तक आणलं की आधी शेवटचं पान वाचते म्हणून मला रागावणारी तू?"

"मुक्ते, पाण्याचा प्रश्न आहे!"

तिनं मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि माझ्या कानात सांगितलं, "तिकडं तर केव्हाच मेलाय. आपल्याकडं ह्याच रविवारी."

काय सांगू! मला इतका आनंद माझं लग्न ठरलं तेव्हाही झाला नव्हता. एका पोरवयाच्या मुलाचा खून होणार म्हणून मी दोन दिवस गाणी गुणगुणत होते. शनिवारी ह्यांनी विचारलं, "काय झालंय काय तुला?" मी म्हटलं, "काही नाही, उद्या रविवार!"

रविवार उजाडला. सकाळी आईंनी देव काढले, मी ड्रममध्ये जवळजवळ डोक्यापर्यंत वाकून शेवटचं पाणी खरवडून घंगाळं भरलं, आईंनी देव परत आत ठेवले. "आज नाही तर उद्या, पण सोडणार नाही," त्या देवांना म्हणाल्या. मला सांगावंसं वाटलं की आजच! पण जीभ आवरली.

बरोबर अकराला मालिका सुरू झाली. कार्ट्यानं त्या दिवशी उत्सव मांडला होता. शहरातल्या शेवटच्या विहिरीचं कुलूप तो स्वतःच्या हातानं उघडणार होता, लोकांसाठी नाही, तर पाण्यात स्वतःचा मुकुट कसा दिसतो ते बघायला! वेशीवर बंड झालेलं, तलवारी खणखणतायत, आई सोफ्याच्या अगदी कडेवर आलेल्या, मुक्ता नखं खातेय. आणि ऐन त्या वेळी कूलर कोरडा पडला! गरम वाऱ्याचा असा झोत आला की आईंचा पदर उडाला.

"कूलर!" हे ओरडले. उठले मात्र नाहीत.

मी धावले. डोळे टीव्हीवर, पाय स्वयंपाकघराकडे. रोजच्या सवयीनं हात आपसूक घंगाळ्याकडे गेले, ते उचललं आणि मागच्या दारानं अंगणात! तिथं खिडकीच्या गजांना नाक लावून आमच्या शेजारीण नसीमभाभी उभ्या होत्या, हातात रिकामी बादली. त्यांच्या घरावर वरचा मजला चढत होता. नव्या वस्तीत भाडेकरू मिळतायत म्हणून सगळेच तेव्हा वर वर बांधत होते.

"वैनी, मिस्त्री का माल सूख रहा. गुरुवार की बादली देते क्या?" त्यांनी विचारलं, पण नजर टीव्हीवरून हलवली नाही.

गुरुवारी मी त्यांच्याकडून एक बादली पाणी उसनं घेतलं होतं. "देते, देते! काय झालं आत्ता?"

"विहिरीपास पहुँचा, मुआ!"

मी खिडकीतून टीव्हीकडे बघत बघत घंगाळं कूलरच्या टाकीत वाकवलं. टण! टण! टण! टण! टीव्हीत तलवारी जोरात वाजत होत्या. टाकी भरत आली तसं उरलेलं पाणी मी भाभींच्या प्लास्टिकच्या बादलीत ओतलं. भाभींनी बादलीत बघितलं नाही, मी घंगाळ्यात बघितलं नाही. जे बघायचं होतं ते आत होतं!

कार्टं विहिरीच्या काठावर चढलं. वाकलं. पाण्यात मुकुट दिसला, ते हसलं. आणि पाठीमागून एक हात आला. फक्त हात! लहानसा, गुबगुबीत, मनगटात एक कडं. त्या हातानं राजाच्या पाठीला अलगद स्पर्श केला आणि...

धप्प!

"पडला!" आई सोफ्यावर उभ्या राहिल्या. बहात्तर वर्षांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलेल्या! "पडला गं मेला! पडला!"

"मर गया!" भाभींनी बाहेरून आरोळी ठोकली. "अय्यो, मर गया! मैं मिस्त्री कू बोलके आती!" आणि बादली घेऊन त्या जिन्यावर पळाल्या. वरून मिस्त्रीचा आवाज आला, "कोण मेलं?" आणि भाभींचा, "राजा, राजा!" त्यावर मिस्त्री म्हणाला, "बरं झालं." (तो मालिका बघत नव्हता, पण भाभींकडून रोज ऐकत होता.)

मी रिकामं घंगाळं जागेवर ठेवलं आणि आत धावले. मुक्तानं आणि मी फुगडी घातली. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात आई हातात तबक घेऊन, डोळे पुसत देवघराकडे निघाल्या. "चला, देवांना बाहेर काढते. पंचामृत घालते. गोडाचं कर गं काहीतरी!"

आणि मग देवघरातून किंकाळी आली.

आम्ही पोचलो तेव्हा आई घंगाळ्यापुढे बसल्या होत्या. घंगाळं कोरडं. एकही देव नाही. माझ्या कानात ते चार टण आत्ता वाजले!

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. "पाहिलास तो हात? एवढासा! गुबगुबीत! मनगटात कडं!"

"आई..."

"गेला होता तो! जातीनं गेला होता माझा बाळकृष्ण! आणि बाकीचे चौघं सोबतीला!"

"आणि पाणी?" ह्यांनी विचारलं. क्वालिटीचा माणूस!

"तहान लागणार नाही? केवढा प्रवास!"

आता सांगा, मी काय बोलणार होते? खरं सांगायचं तर आधी रोजचं तीर्थ कुठं गेलं तेही सांगावं लागलं असतं. मी भित्री आहे, लहानपणापासून. "आई, तुम्ही बसा, मी गोडाचं बघते," म्हणून मागच्या दारानं सटकले.

कूलरच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला. बारीकसा शॉक बसला (तो मला बसायलाच हवा होता). खिडकीतून हे डोकावले. "काय करतेस?"

"कूलर थंड पडलाय."

"कूलर थंडच असतो."

"मग बरोबर आहे!" मी म्हटलं आणि गणपती बाहेर काढला. मग महादेव, मग देवी, मग अन्नपूर्णा. पदरात गुंडाळले, घाईघाईनं पुसले आणि आई मुक्ताला तो हात तिसऱ्यांदा वर्णन करून सांगत होत्या तेवढ्यात घंगाळ्यात ठेवून दिले.

"आले!" पाचव्या मिनिटाला आईंचा आवाज. "चौघं आले! पण... बाळकृष्ण कुठाय?"

तो टाकीत नव्हता. मी दोनदा चाचपडून पाहिलं होतं.

"येईल," आई म्हणाल्या. "काम त्यानंच केलं ना. हातपाय धुऊन येईल."

त्या पाट टाकून देवघरासमोर बसल्या. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. पंचामृतासाठी काढलेल्या साखरेच्या वाटीला मुंग्या लागल्या. आईंच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू कमी झाला. आधी त्या मुक्ताशी बोलत होत्या, मग देवांशी, मग कुणाशीच नाही.

"परत यायला इतका वेळ लागतो का गं?" त्यांनी मला विचारलं. "आईनं मुठीत दिला होता तो. पैठणहून निघताना म्हणाली होती, सासरी सगळे परके असतील, पण तू एकटी नाहीस. मी त्याला ह्या उठाठेवीला जुंपायला नको होतं. एका टीव्हीतल्या पोरासाठी!"

त्यांचे डोळे भरून आले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की विचारू नका. बाई एका अनोळखी दाईच्या तांब्याभर पाण्यासाठी पेटून उठली, आणि मी? मी टीव्हीकडे तोंड करून तिचं माहेर ओतून आले होते! आणि कुठं ओतलं होतं बरं? टाकी भरली... मग उरलेलं...

बादली!

मी अनवाणी पळाले. भाभींच्या अर्ध्या बांधलेल्या जिन्याला कठडा नव्हता, एरवी मी त्यावर पाय ठेवला नसता. वर साहेबरावमिस्त्री उभा होता, लासूर स्टेशनचा, तोंडात तंबाखू, हातात थापी. समोर विटांची भिंत माझ्या गुडघ्याइतकी आलेली. बादली पालथी.

"मिस्त्री! ह्या बादलीतलं पाणी कुठंय?"

"मालात." त्यानं सिमेंट-वाळूच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "अन् माल भितीत."

"त्यात देव होता!"

"भितीत?"

"पाण्यात!"

भाभी धावत आल्या. मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. भाभींनी दोन्ही हात गालांना लावले. "अम्मा का कन्हैया? वो मायके वाला? मेरी बादली में?" आणि त्या तिथंच फतकल मारून बसल्या आणि दोन्ही हात मालात खुपसले. मीही बसले. आम्ही दोघी बायका भर उन्हात सिमेंट कालवत होतो, आणि साहेबराव आमच्याकडे बघत होता.

"बाई, काय हुडकून ऱ्हायला तुमी? केवढा हाय?"

"अंगठ्याएवढा. पितळी. एक हात वर केलेला."

साहेबरावनं तंबाखू थुंकली. मग कान खाजवत म्हणाला, "पिवळा व्हय? म्या तर कपची समजलो."

"कपची?"

"एक इट डुगडुग करू लागली व्हती. खाली काय तरी टेकू लागंना? बादलीच्या बुडाशी हे गावलं. लई बरुबर बसलं! इट हालना झाली."

"कंच्या इटीखाली?" मी ओरडले. (घाबरले की माझी बोली थेट कन्नड तालुक्यातल्या आजोळी जाते.)

"तेच तं आठवंना. तिसरा थर असंल. न्हाय तं चौथा."

"तोडो!" भाभी उठून उभ्या राहिल्या.

"भाभी, सकाळपासनं बांधलं..."

"तोडो बोली ना मैं! मेरी दीवार है, मैं बोलती तोडो! अम्मा नीचे रोते बैठी होंगी और तुमकू इटों की पडी!"

साहेबरावनं एक एक वीट काढायला सुरुवात केली. माल अजून ओला होता म्हणून बरं! चौथा थर गेला. तिसऱ्या थरात अकरावी वीट उचलली आणि आम्ही तिघंही खाली वाकलो. सिमेंटात गुडघा टेकून बाळकृष्ण बसला होता. एक हात वर, आणि त्या हातावर इतका वेळ ती अख्खी वीट तोललेली! अंगभर राखाडी, फक्त पोट तेवढं चकाकत होतं.

"देवा," साहेबराव म्हणाला आणि त्यानं डोक्यावरचा रुमाल काढला. "चुकी झाली माही. पर तुह्यासारखी कपची जल्मात मिळायची न्हाय."

भाभींनी खाली जाऊन प्यायच्या माठातलं पाणी आणलं. त्यांच्या घरातला तो शेवटचा माठ होता, टँकर दुसऱ्या दिवशी. मी नको म्हणत होते. "चुप बैठो," म्हणाल्या आणि ओतत राहिल्या. बाकी सगळं निघालं, पण तळहाताला आणि गुडघ्याला चिकटलेलं सिमेंट काही केल्या निघेना.

घरी आले. ठरवलं होतं की सगळं खरं सांगायचं. आईंच्या समोर बसले, मूठ उघडली, म्हटलं, "आई, मला तुम्हाला काहीतरी..."

आईंनी त्याला माझ्या हातून जवळजवळ हिसकावून घेतलं. छातीशी धरला, रडल्या, हसल्या. मग चष्मा लावून न्याहाळलं आणि त्याचा हात माझ्या नाकासमोर धरला. "बघ! विहिरीचा चुना! हाताला लागलाय अजून! तू कुठं सापडलास रे?"

"अंगणात," मी म्हटलं. (खोटं नव्हतं. भाभींचं अंगण, वरचा मजला.)

"दमून बसला असेल," आई म्हणाल्या.

सोमवारी टँकरच्या रांगेत ही बातमी पूर्ण वसाहतीला कळली. आईंनीच सांगितली, अभिनयासकट. संध्याकाळी आमच्याकडे दर्शनाला बायका! कुणाला टँकरच्या ड्रायव्हरसाठी देव पाण्यात घालून हवे होते, कुणाला बिल्डरसाठी, आणि एका बाईंनी तर स्वतःच्या जावेचं नाव चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. मी सगळ्यांना चहा देत होते आणि घाम पुसत होते. खिडकीतून नसीमभाभी माझ्याकडे बघून ओढणीत तोंड लपवून हसत होत्या. त्यांनी शेवटपर्यंत एक शब्द बाहेर काढला नाही.

पुढच्या रविवारी अकराला पुन्हा सगळे टीव्हीसमोर. आणि मालिकेनं पहिल्याच पाच मिनिटांत खुनी दाखवला! त्या म्हाताऱ्या दाईची आठ वर्षांची नात. हाताला गुबगुबीतपणा होता, मनगटात कडं होतं. बाळकृष्ण कुठंच नव्हता.

मुक्तानं श्वास रोखला. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मी कूलरकडे बघत बसले. आई शांतपणे भाग संपेपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गुणाची पोर आहे हो."

"आई, तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?" मी चाचरत विचारलं.

"कशाचं?"

"म्हणजे... बाळकृष्ण गेला नव्हता म्हणून."

"ते मला त्याच दिवशी कळलं," आई म्हणाल्या. "अन्नपूर्णेच्या पळीत कूलरच्या गवताची काडी अडकली होती. आणि चुना असा पोलादासारखा घट्ट बसत नाही, ते सिमेंट होतं. धरणाच्या गावची आहे मी, सिमेंट ओळखते. नसीमला विचारलं तर ती बिचारी खोटं बोलता येत नाही म्हणून नुसती रडायला लागली."

"मग तुम्ही सगळ्यांना ते..."

"काय सांगायचं? आमच्या सुनेनं देव कूलरमध्ये ओतले?" त्या उठल्या, पदर खोचला. "माझी सून आहेस, चारचौघांत तुझं झाकायला नको?"

मी उठून त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, मग देवघरात गेल्या, घंगाळं काढलं आणि ड्रमचं झाकण उघडलं.

"आई! कार्टं तर मेलं! आता कशासाठी?"

"तुला अक्कल यावी म्हणून," आई म्हणाल्या आणि गणपतीला पाण्यात सोडलं.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. पाऊस झाला, धरण भरलं, भाभींचा वरचा मजला भाड्यानं गेला, मुक्ताचं लग्न झालं. देव अजून पाण्यातच आहेत.